घातक कचऱ्याची सफाई आणि खर्चाची फाईल: भिवंडीच्या निमित्ताने एक आढावा

भिवंडीतल्या एखाद्या गोदामाची आग विझते. मागे जळके ड्रम, रसायनाने भिजलेली माती आणि नाल्यात उतरलेले काळे पाणी उरते. ते उचलण्याचा खर्च कोणी करायचा, आणि ज्याने केला त्याने तो कोणाकडे, कोणत्या कागदावर परत मागायचा, या प्रश्नाचे उत्तर आज एका दमात देता येत नाही. कायदे आहेत, न्यायालयांचे निकाल आहेत, निधीही आहेत. २०२३ ते २०२५ या काळात त्यांत कायद्यातील दुरुस्त्या, नवे नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निर्णय यांची भर पडली आहे. तरीही महापालिकेच्या लेखा विभागात किंवा तहसील कचेरीत अशा खर्चाची फाईल जाते, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो लेखाशीर्ष कोणते हा, आणि दुसरा, मंजुरी कुणाची हा. या दोन प्रश्नांवर पुष्कळ फायली थांबतात. या वादाची पार्श्वभूमी काय, त्यातल्या भूमिका कोणत्या आणि काय सुटायचे राहिले आहे, याचा हा आढावा.

प्रश्न भिवंडीतच का उभा राहतो

मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा, या सोयीतून मुंबई–नाशिक महामार्गालगत गोदामे उभी राहिली. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी, दापोडे, माणकोली ही शेतीची गावे पाहता पाहता पत्र्याच्या शेडनी भरून गेली. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली, पण गोदामे हलली नाहीत. ऑनलाइन खरेदीच्या लाटेने ती आणखी वाढली. एकाच कंपाउंडमध्ये कापडाचे तागे, औषधे, सौंदर्यप्रसाधने, इलेक्ट्रॉनिक माल आणि रसायनांचे ड्रम शेजारीशेजारी असतात. मे २०२५ मध्ये वडप्याच्या गोदाम संकुलात लागलेल्या आगीत असाच मिश्र माल जळाला. असा ढिगारा थंड झाल्यावर त्यातले साधे भंगार कोणते आणि घातक कोणते, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

जागेची मालकी आणि हद्द यांचा गुंता याहून अवघड आहे. शहराचा भाग भिवंडी-निजामपूर महापालिकेकडे, गोदामांची बहुतेक गावे ग्रामपंचायतींकडे, भोवतालच्या अधिसूचित क्षेत्राचे नियोजन एमएमआरडीएकडे, प्रदूषणाचा विषय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि आपत्तीची सूत्रे ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. बंब भिवंडीचे पुरत नाहीत तेव्हा ठाणे-कल्याणहून येतात. जमिनीचा सातबारा एका शेतकरी कुटुंबाच्या नावावर, शेड बांधणारा विकासक दुसरा, भाडेकरार तिसऱ्याशी, आणि आतला माल चौथ्याच कंपनीचा. आग लागली त्या रात्री यांतला कोणी जागेवर सापडेलच असे नाही.

हा प्रश्न एकट्या भिवंडीचा नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरने रासायनिक कचरा ओतला गेला आणि विषारी वायूमुळे शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ला मोठे स्फोट झाले. २०१६ च्या स्फोटानंतर घरांच्या नुकसानीचे पंचनामे झाले, पण भरपाईचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. ठाणे जिल्ह्यातल्या या तिन्ही घटनांत इजा झालेल्यांची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. सफाईच्या बिलाबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलले.

कायदा कसा घडत गेला

घातक कचऱ्यासाठी आपल्याकडे पहिले स्वतंत्र नियम १९८९ साली आले. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर झालेल्या १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालचे ते नियम. २००८ मध्ये ते नव्याने लिहिले गेले आणि आज लागू आहेत ते एप्रिल २०१६ चे नियम. यातला नियम २३ सांगतो की कचऱ्याच्या चुकीच्या हाताळणीतून पर्यावरणाचे किंवा त्रयस्थाचे जे नुकसान होईल त्याला ताबेदार, आयातदार, निर्यातदार आणि विल्हेवाट केंद्राचा चालक जबाबदार. अशी जबाबदारी अमलात कशी आणायची याच्या मार्गदर्शक सूचना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याआधीच, जुन्या नियमांच्या काळात, जानेवारी २०१६ मध्ये काढल्या होत्या.

२०१६ च्या नियमांच्या आधीच न्यायालयांनी दिशा दाखवली होती. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-ॲसिडच्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यानेच द्यायचा आणि सरकारला तो वसूल करण्याचा अधिकार आहे. खर्चाचा आकडा ३७.३८५ कोटी रुपये ठरला. ती रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश जुलै २०११ मध्ये झाला. तत्त्व ठरल्यापासून त्या आदेशापर्यंत पंधरा वर्षे गेली, आणि ज्यांच्या विहिरी लाल झाल्या ती माणसे या काळात तिथेच राहत होती.

आपल्या न्हावा-शेवा बंदराचे उदाहरण वेगळ्या वळणाचे आहे. वंगण तेल म्हणून आणलेले १३३ कंटेनर घातक तेलाचे निघाले. २००५ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने ते तेल जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला आणि खर्च आयातदारांवर टाकला. इथे वसुलीचा मार्ग तुलनेने सरळ होता, कारण प्रत्येक कंटेनरवर आयातदाराचे नाव होते आणि सीमाशुल्काचे कागद तयार होते. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात बुडालेल्या रॅक कॅरियर या कोळशाच्या जहाजाचे प्रकरणही नोंदवायला हवे. त्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१६ मध्ये १०० कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठरवली.

याच्या दुसऱ्या टोकाला भोपाळ आहे. युनियन कार्बाइडच्या आवारात पडून असलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला नेला गेला आणि त्या वर्षाच्या मध्यापर्यंत जाळला गेला. त्यासाठीचे १२६ कोटी रुपये केंद्र सरकारने दिले, म्हणजे करदात्यांनी. प्रदूषण करणाऱ्याने पैसे द्यावेत हे तत्त्व १९९६ पासून मान्य असलेल्या देशात सर्वांत गाजलेल्या कचऱ्याचे बिल सरकारने भरले, ही गोष्ट या वादात वारंवार समोर येते.

खर्च परत मागण्याच्या वाटा

आज निदान पाच वाटा दिसतात. त्यांची लांबी आणि अवघडपणा सारखा नाही.

पहिली आणि सर्वांत दुर्लक्षित वाट पर्यावरण (संरक्षण) कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. अपघाताने किंवा अनपेक्षित घटनेने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषक बाहेर पडला, की त्या जागेचा प्रभारी आणि त्या उत्सर्गाला जबाबदार असलेली व्यक्ती या दोघांवर तो रोखण्याचे आणि कळवण्याचे बंधन येते. उपाययोजनेसाठी प्राधिकरणाने किंवा यंत्रणेने केलेला खर्च, मागणी केल्याच्या तारखेपासूनच्या व्याजासह, संबंधित व्यक्तीकडून जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करता येतो. १९७४ च्या जल कायद्यात आणि १९८१ च्या हवा कायद्यातही अशा वसुलीच्या तरतुदी आहेत. जमीन महसुलाची थकबाकी या शब्दांत मोठी ताकद आहे. दिवाणी दावा लावण्याची गरज राहत नाही. तहसीलदार मागणीची नोटीस काढू शकतो, जप्ती करू शकतो, सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढवू शकतो. देणेकरी दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात असेल तर १८९० च्या महसूल वसुली कायद्याखाली तिथल्या जिल्हाधिकाऱ्याकडे वसुली प्रमाणपत्र पाठवता येते. कचेरीत त्याला आरआरसी म्हणतात. पण या कलमात मागणीचा नमुना दिलेला नाही. खर्चात काय काय धरायचे, ते कोणी तपासायचे, संबंधित व्यक्ती म्हणजे जमीनमालक की भाडेकरू की मालाचा धनी, हे कलम सांगत नाही.

दुसरी वाट पुण्यातल्या हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम विभागीय खंडपीठाकडे जाते. २०१० च्या कायद्यात कलम १५ खाली भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याची मागणी करता येते. ती करण्याचा हक्क स्थानिक स्वराज्य संस्थेलाही आहे. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत भरपाईच्या बाबींची यादी आहे. त्यात बाधितांच्या मदतीसाठी सरकारने किंवा स्थानिक संस्थेने केलेला खर्च आणि पर्यावरण पूर्वस्थितीत आणण्याचा सरकारी खर्च या बाबी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. मुदत पाच वर्षांची, पुरेसे कारण असेल तर वर ६० दिवस. भरपाईच्या अर्जाला मागितलेल्या रकमेच्या एक टक्का शुल्क पडते. लहान ग्रामपंचायतीला ते शुल्क, वकील आणि पुण्याच्या फेऱ्या परवडणे कठीण आहे. आणखी एक अडचण निकालानंतरची आहे: भरपाईची रक्कम आधी पर्यावरण मदत निधीत जमा व्हावी लागते आणि तिथून पुढे तिचे वाटप होते.

हा पर्यावरण मदत निधी १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यातून आलेला, आणि तीच तिसरी वाट. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घातक पदार्थ हाताळणाऱ्याने विमा काढायचा, हप्त्याइतकीच रक्कम निधीत भरायची, आणि अपघात झाला की बाधिताने पाच वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. चूक कोणाची हे सिद्ध करण्याची अट नाही. कायदा माणुसकीचा आहे, पण मूळ अनुसूचीतले आकडे (मृत्यूला २५,००० रुपये, खासगी मालमत्तेला कमाल ६,०००) काळाने निरर्थक करून टाकले होते. शिवाय तो व्यक्तीच्या नुकसानीसाठी रचलेला होता, गावाच्या सफाईसाठी नव्हे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने केलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या बदलांनी या निधीतून पर्यावरण पूर्ववत करण्याची वाटही मोकळी केली. भिवंडीच्या दृष्टीने मूळ दुखणे मात्र तसेच आहे. विमा काढतो तो साठा जाहीर करणारा. चोरून साठा करणारा ना विम्यात असतो, ना निधीच्या वर्गणीदारांत.

चौथी वाट आपत्ती निधीची. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळातल्या यादीत आग ही आपत्ती होती, रासायनिक अपघात नव्हता. निधीच्या निकषांत सार्वजनिक जागेतला मलबा हटवण्याची बाब आहे. त्यामुळे घटनेची नोंद आग आणि मलबा अशी झाली तर काही पैसे मिळण्याची शक्यता असते. यातला धोका कमी लोकांच्या लक्षात येतो. एकदा कागदावर मलबा लिहिला गेला की तोच ढीग घातक कचरा होता असे सांगून मालकाकडून खर्च मागणे पुढे जड जाते. आपत्ती निधीच्या कागदातला एक शब्द कलम ९ ची वसुली कमकुवत करू शकतो.

पाचवी वाट सर्वांत नवी. जुलै २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्याआधी देशात १०३ प्रदूषित स्थळे ओळखली गेली होती आणि सफाई फक्त सात ठिकाणी सुरू झाली होती. नव्या नियमांत जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित स्थळांची माहिती द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि नंतर सविस्तर सर्वेक्षण करायचे, जबाबदार व्यक्ती शोधायची आणि तिच्याकडून खर्च घ्यायचा अशी रचना आहे. जबाबदार व्यक्ती सापडलीच नाही किंवा खर्च पेलण्याची तिची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्याने सफाईची तजवीज करायची. पायऱ्यांना मुदती आहेत, पण सफाई पूर्ण कधी व्हावी याला मुदत नाही. महापालिकेचे डम्पिंग ग्राउंड, खाणी, किरणोत्सर्गी कचरा आणि समुद्रातील तेलगळती या नियमांबाहेर आहेत.

कागद कुठे तुटतो

या पाचही वाटांना एकच शिधा लागतो: घटनेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तयार झालेले कागद. इथे थोडे जवळून पाहायला हवे.

पंचनाम्यात सहसा लिहिले जाते, «अंदाजे ७०-८० ड्रम जळालेल्या अवस्थेत आढळले». ड्रम किती लिटरचे, कोणत्या रंगाचे, लेबल वाचता येते का, झाकण बंद की फुटलेले, आत काही उरले आहे का, यातले काही नसते. वसुलीच्या वेळी समोरच्याचा वकील पहिला हल्ला या अंदाजे शब्दावर करतो. नमुन्यांचे तसेच. पर्यावरण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे नमुना घेण्याची नोटीस जागच्या जागी द्यायची, ताबेदाराच्या किंवा त्याच्या माणसाच्या समक्ष नमुना सीलबंद करून दोघांनी सही करायची, आणि तो विनाविलंब प्रयोगशाळेत पाठवायचा. ताबेदार गैरहजर असेल तर काय करायचे तेही कलमात आहे. ही रीत पाळली नाही तर अहवाल पुराव्यात चालत नाही. आणि कलम ९ लागू होण्यासाठी मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषण झाले हे दाखवावेच लागते. म्हणजे सगळी वसुली त्या एका बाटलीच्या सीलवर येऊन ठेपते. मोबाइलवर काढलेल्या फोटोंना १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. फोटो काढणारा कर्मचारी पुढे बदलून गेला तर तो कागद मिळवणे अशक्य होऊन बसते.

नंतर वाहतूक. घातक कचरा तळोजा किंवा महापे इथल्या विल्हेवाट केंद्राकडे न्यायचा तर नमुना १० चे मॅनिफेस्ट भरावे लागते. त्याच्या सात रंगीत प्रती असतात. पांढरी प्रदूषण मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे, गुलाबी घेणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराला, हिरवी केंद्राकडून मंडळाला, निळी केंद्राकडून परत पाठवणाऱ्याला, आणि राज्याबाहेरच्या कचऱ्यासाठी राखाडी. खर्चाची मागणी करणाऱ्याच्या दृष्टीने निळी प्रत सोन्यासारखी आहे, कारण किती माल निघाला आणि किती पोचला याचा मेळ तिच्यातच लागतो. पण तिच्या पहिल्या रकान्यात पाठवणाऱ्याचे नाव आणि त्यापुढच्या रकान्यात मंडळाच्या अधिकारपत्राचा क्रमांक मागितला आहे. ग्रामपंचायतीकडे असे अधिकारपत्र नसते. ग्रामपंचायतीने आपले नाव लिहिले तर ती कागदोपत्री कचऱ्याची धनी ठरेल या भीतीने सरपंच सही करायला कचरतो, आणि ही भीती निराधार म्हणता येत नाही. मालकाचे नाव लिहावे तर तो सही करायला हजर नाही. या रकान्याचा तिढा सुटेपर्यंत ड्रम पावसात उभे राहतात.

शेवटी हिशेब. महापालिका हद्दीत आयुक्त तातडीची बाब म्हणून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७(३)(क) खाली खर्च करू शकतो आणि मग स्थायी समितीची कार्योत्तर मंजुरी घेतो. त्या मंजुरीसाठी कार्यादेश, वजनकाट्याची पावती, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, विल्हेवाट केंद्राचे बिल आणि प्रयोगशाळेचे शुल्क एका धाग्यात बसले पाहिजे. अनेकदा काटा पावतीवर गाडीचा क्रमांक एक आणि मॅनिफेस्टवर दुसरा असतो. फोमचा खर्च अग्निशमनच्या नावावर, जेसीबीचा बांधकामच्या, पाण्याच्या टँकरचा पाणीपुरवठ्याच्या आणि मास्क-हातमोज्यांचा आरोग्याच्या. चार विभागांच्या चार फायली कुठेच एकत्र येत नाहीत. एका घटनेचा एकूण खर्च किती, हा साधा आकडा त्यामुळे कोणाकडेच तयार नसतो. जो आकडा नाही, तो मागणार कसा?

भूमिका

पहिली भूमिका पर्यावरणासाठी न्यायालयात झगडणाऱ्या संस्थांची आणि बऱ्याच अंशी प्रदूषण मंडळांची. सरकारने आधी पैसे दिले की प्रदूषण करणारा निसटतो, भोपाळ हा त्याचा पुरावा. म्हणून सरकारी निधी ही अगदी शेवटची सोय असावी आणि सगळा जोर वसुलीवर असावा. ४ ऑगस्ट २०२५ च्या लोधी प्रॉपर्टी प्रकरणातल्या निकालाने या भूमिकेला बळ दिले. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रदूषण मंडळे जल आणि हवा कायद्यांखाली नुकसानभरपाई आकारू शकतात आणि आगाऊ बँक हमीही मागू शकतात, फक्त त्यासाठी नियम केले पाहिजेत. अशी भरपाई शिक्षेहून वेगळी असल्याचेही न्यायालयाने स्पष्ट केले.

दुसरी भूमिका स्थानिक प्रशासनाची. मालकाचा शोध लागेपर्यंत थांबलो तर पहिल्या पावसात सगळे कामवारी नदीत आणि तिथून खाडीत जाईल, आणि मग खर्च दहापट वाढेल. म्हणून आधी जिल्हास्तरावर फिरता निधी द्या, सफाई होऊ द्या, वसुली मागाहून सरकारने करावी. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्कालीन गट नेमला आहे. त्याच्या हाती पैसाही हवा, असे या बाजूचे म्हणणे.

तिसरी भूमिका जमीनमालक आणि गोदाममालकांची. भाडेकरारात घातक माल ठेवणार नाही असे कलम असते, भाडेकरूने ते मोडले तर शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा का, असा त्यांचा सवाल आहे. ज्या कुटुंबाचे पोटच गोदामाच्या भाड्यावर चालते त्याच्यासाठी हा सवाल खरा आहे. यावर प्रत्युत्तर असे की कलम ९ जागेच्या प्रभाऱ्यावरही जबाबदारी टाकते आणि भाडे घेणाऱ्याने आत काय आहे हे पाहायला नको का? पाहणे म्हणजे नक्की किती, हे मात्र कोणी ठरवलेले नाही. विमा काढून नियमाने साठा करणाऱ्या उद्योजकांचीही यात एक तक्रार आहे: निधीत वर्गणी आमची आणि त्यातून सफाई चोरट्या साठ्याची.

चौथी भूमिका लेखापरीक्षकाची. तिला वादात सहसा कोणी मोजत नाही, पण माझ्या मते फाईलचे भवितव्य तीच ठरवते. मंजुरीआधी खर्च नाही, प्रमाणकाशिवाय प्रदान नाही, आणि केंद्राचा पैसा आला तर सामान्य वित्तीय नियमांच्या (जीएफआर) १२-सी नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र. हे नियम सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी आहेत आणि ते सैल करून प्रश्न सुटणार नाही. पण रात्री दोन वाजता फुटलेल्या टाकीसाठी निविदा काढता येत नाही, हेही तितकेच खरे.

परदेशातला एक नमुना

अमेरिकेत १९८० साली सुपरफंड कायदा झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनाल वस्तीखालच्या रासायनिक कचऱ्याने देश हादरल्यानंतरचा तो कायदा. त्यात मोठ्या सफाईखेरीज एक छोटी सोय आहे, आणि आपल्याला तीच जास्त उपयोगाची वाटते. घातक पदार्थ सांडल्यावर शहराने किंवा काउंटीने केलेल्या तातडीच्या खर्चापैकी एका घटनेला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम केंद्राकडून परत मिळू शकते. काम संपल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा. आधी जबाबदार माणूस, विमा आणि राज्य सरकार यांच्याकडे मागणी केली होती आणि ती फसली, हे दाखवायचे. नेहमीच्या अग्निशमन सेवेचा खर्च त्यात घुसडायचा नाही. रक्कम लहान आहे, आणि संपूर्ण सफाई त्यातून होत नाही. पण कोणता खर्च चालतो, कोणता नाही, कोणते कागद जोडायचे हे आधीच छापील आहे, त्यामुळे लहान गावाच्या कारकुनालाही आग विझण्याआधी ठाऊक असते की पावत्या कोणत्या जपायच्या.

जे अजून सुटलेले नाही

संबंधित व्यक्ती कोण, हा पहिला अनिर्णित प्रश्न. जमीनमालक, विकासक, भाडेकरू आणि मालधनी यांच्यात खर्चाची विभागणी कशी करायची याचा ठाम नियम नाही. सगळ्यांकडून संयुक्तपणे मागावे आणि त्यांनी आपसात भांडावे, हा एक मार्ग. प्रत्येकाच्या वाट्याप्रमाणे मागावे हा दुसरा. पहिला यंत्रणेला सोपा, दुसरा लहान मालकाला न्याय्य.

२०२५ चे नियम आगीनंतरच्या ताज्या सांडणीला लागतात की फक्त जुन्या, साचलेल्या प्रदूषणाला, हाही मुद्दा लढवला जाईल असे दिसते. नियमांच्या मुदती महिन्यांच्या आहेत, आणि भिवंडीच्या ड्रमांना आठवड्यांत उचलावे लागते. ताज्या घटनेसाठी कलम ९ आणि जमिनीत मुरलेल्या प्रदूषणासाठी नवे नियम अशी वाटणी केली तर दोन्ही उपयोगी पडतील. पण त्यासाठी पहिल्या टप्प्यातले कागद दुसऱ्या टप्प्याला चालतील अशी सोय हवी, आणि ती आज नाही.

दंड, पर्यावरणीय भरपाई आणि खर्चवसुली या तीन वेगळ्या रकमा आहेत, हेही पुरते रुजलेले नाही. जनविश्वास दुरुस्तीनंतर पर्यावरण कायद्यातला दंड १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत झाला. पण ती शिक्षा आहे आणि तिच्यातून ज्या संस्थेने जेसीबी लावला तिचे पैसे आपोआप परत येत नाहीत. मालकाने दंड भरला की खर्चाची फाईल बंद झाली, असे मानण्याकडे खालच्या पातळीवर कल असतो. तो कायद्याला धरून नाही.

आणि मॅनिफेस्टवरचा तो पहिला रकाना. बेवारस कचऱ्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा मंडळाच्या नावाने वेगळा संकेतांक द्यावा, म्हणजे सही करणारी ग्रामपंचायत कचऱ्याची धनी ठरणार नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, मंडळाचे एक परिपत्रक पुरेसे आहे. या आढाव्यातल्या सगळ्या प्रश्नांत लवकरात लवकर सुटू शकेल असा हाच आहे, असे मला वाटते.

तोवर गोदामपट्ट्यातल्या ग्रामसेवकांना आणि सरपंचांना एक विनंती. पुढच्या घटनेची वाट न पाहता एक जाड वही या कामासाठी बाजूला काढा. प्रत्येक ड्रमला क्रमांक, प्रत्येक गाडीची काटा पावती, नमुना घेताना दिलेल्या नोटिशीची पोच आणि चारही विभागांच्या खर्चाची एकच बेरीज तिच्यात लिहा. मग महिन्याच्या आत तहसीलदारांकडे कलम ९ खाली लेखी मागणी दाखल करा, कारण कायद्यानुसार व्याज त्या मागणीच्या तारखेपासून सुरू होते.